परीक्षेला आणलेला माणूस

गलाईच्या भट्टीवर काम करणाऱ्या माणसानं सायकॉलॉजी का घेतलं, असं लोक मला विचारतात. विचारताना हसतात. मीही हसतो आणि ‘मिळाला तो विषय घेतला’ म्हणून सुटका करून घेतो. खरं उत्तर द्यायचं तर बाईंबद्दल सांगावं लागतं, आणि बाईंबद्दल बोलायला लागलं की माझे तळहात अजून ओले होतात.

त्या माझ्या घरमालकीण. दिल्लीत, हिंदूराव हॉस्पिटलच्या मागच्या उतारावर त्यांचं जुनं दुमजली घर होतं. गच्चीवरची एकटी खोली, जिला तिकडं बरसाती म्हणतात, ती मला भाड्यानं मिळाली होती. वयाकडं पाहता त्यांना काकू म्हणायला हवं होतं. पण पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून ‘बाई’ निघालं, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं, आणि मग ते तसंच राहिलं.

शाळेशी माझा संबंध नववीतच संपला होता. आमच्या आटपाडी-विट्याकडची माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात. जुनं सोनं वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची, शुद्ध करून परत द्यायचं. माझे चुलते, आण्णा, करोल बागेत याच धंद्यात होते. मी त्यांच्याबरोबर आलो. सोन्याच्या कामात धुरापेक्षा भीती जास्त असते. मूस भट्टीत जाण्याआधी वजन, बाहेर आल्यावर वजन. काटा जरा हलका पडला की कुणी काही बोलायचं नाही, फक्त सगळे एकमेकांच्या हातांकडं बघायचे. संध्याकाळी कपडे झटकून, हात टबात धुऊन, सोन्याचा कण जाऊ नये म्हणून ते पाणीसुद्धा मागं ठेवून निघायचं. मी कधी कणभरही उचलला नाही, तरी रोज बाहेर पडताना माझी मान खाली जायची.

आण्णा म्हणायचे, “भ्यालेला माणूस चोर दिसतो रं. मान वर करून चालत जा.”

मान वर केली की मला वाटायचं, आता तर नक्कीच चोर दिसत असणार.

आम्ही दुकानावरच झोपायचो. तेजाबाच्या वाफेनं माझा खोकला हटेना, तेव्हा आण्णांनी खोली शोधायला घेतली. मराठी मंडळातल्या कुणीतरी बाईंचं नाव सांगितलं, आणि वर असंही सांगितलं की, “बाई जरा तशा आहेत, यार. पण भाडं कमी घेतील.”

‘तशा’ म्हणजे कशा, ते दार उघडल्याबरोबर कळलं. उंच, काटकुळ्या, पांढरे केस मानेपर्यंत कापलेले. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात बुटाच्या नाडीला अडकवलेलं स्टॉपवॉच.

“नाव नंतर. कुठला?”

“आटपाडी.”

“बरं. माकडांना घाबरतोस? इथं रिजच्या जंगलातून येतात.”

“हो.”

“अंधाराला?”

“थोडा.”

“मला?”

मी गप्प. त्यांनी स्टॉपवॉच दाबलं, बघितलं आणि म्हणाल्या, “खरं उत्तर आलं. जा, वर जाऊन खोली बघ.”

त्या दिवसापासून मी आटपाडी. बाईंनी कुणालाच नावानं हाक मारली नाही. भाजीवाला बुलंदशहर, इस्त्रीवाला मेरठ, शेजारची नवी सून पानिपत. एका मंत्रालयात आयुष्यभर रजेचे अर्ज तपासून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि तिथं माणसं अशीच ओळखली जायची, कुठून बदलून आली त्यावरून. नवरा केव्हाच वारलेला, मुलगा बेंगळुरूला. आणि या बाई एका विद्यापीठात घरून अभ्यास करायच्या सोयीनं सायकॉलॉजी घेऊन बीए करत होत्या.

सायकॉलॉजी म्हणजे माणसाच्या आतलं बघणं, एवढंच मला माहीत. माझ्या आत चोरी नव्हती, पण भीती होती, आणि ती दिसली तर चोरीसारखीच दिसणार. पहिले काही दिवस मी जिना चढताना बाईंच्या दारासमोरून डोळे मिटून जायचो. एकदा त्यामुळंच पायरी चुकलो.

आतून आवाज आला, “आटपाडी, डोळे मिटून माणूस कमी दिसत नाही.”

मंडळाच्या हळदीकुंकवाला विधवांनाही बोलवायचे, पण तिथंही बायकांची तीच गत. बाई शेजारी बसल्या की खुर्ची जरा सरकायची. एक जण म्हणाली, “आता तुम्ही आमच्या मनातलं सगळं ओळखणार म्हणजे.” बाई म्हणाल्या, “तुमच्या मनातलं ओळखायला डिग्री कशाला? तुम्ही आल्यापासून सगळं बोलूनच दाखवताय.” दुसऱ्या वर्षी त्यांना बोलावणं उशिरा आलं. त्या गेल्या, आणि वाण मागून घेऊन आल्या.

मुलाचा दर रविवारी फोन यायचा. बाई मोठ्यानं बोलायच्या, त्यामुळं अर्धं संभाषण गच्चीवर ऐकू यायचं. “हिस्टरी का घेऊ? जे झालं ते झालं… नाही, कुणी पेशंट म्हणत नाही मला. म्हणाले तर म्हणू देत… हो, औषध घेते.”

मला वाटायचं, बाईंना भीती म्हणून माहीतच नाही. एकदा गच्चीवर एक थोराड माकड माझ्या वाळत घातलेल्या शर्टावर येऊन बसलं. मी खोलीत, दाराला आतून कडी. बाई वर आल्या, माकडासमोर दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या आणि स्टॉपवॉच चालू केलं. त्याला हाकललं नाही, काही नाही. नुसत्या बघत राहिल्या. माकडानं दात दाखवले, डोकं खाजवलं आणि शेवटी शर्ट तिथंच टाकून कठड्यावरून निघून गेलं. बाईंनी वेळ बघितली आणि दारावर टकटक केलं. “गेलं. आता तू किती वेळ घेतोस ते बघते.”

मग ती सकाळ आली. मी कामाला निघालो होतो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बाई बसल्या होत्या. नेसून, पर्स मांडीवर घेऊन, एका हातानं लोखंडी कठडा घट्ट धरलेला. थंडीचे दिवस आणि कपाळावरून घाम ओघळतोय. ओठ पांढरे.

“बाई! काय होतंय? डॉक्टरला आणू?”

“ओरडू नकोस.” श्वास पुरत नव्हता. “मीच घाबरलेय. दोघांनी घाबरून कसं चालेल?”

मी जागच्या जागी उभा राहिलो. मला वाटलं, आता या माझ्यासमोर जाणार, पोलीस येणार, भाडेकरू कोण म्हणून विचारणार. बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. नीट ऐकलं तर देवाचं नाव नव्हतं. त्या म्हणत होत्या, “आली. आवक नंबर टाकला. टेबलावर ठेवली. आज निकाली काढायची नाही. पेंडिंग.”

हळूहळू रंग परत आला. मग त्यांनीच सांगितलं. ऑफिसला न्यायला येणारी चार्टर्ड बस सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर थांबायची. नोकरी संपली, बस यायची थांबली, पण ती वेळ झाली की छाती धडधडायला लागायची, हात गार पडायचे, आत्ता मरणार असं वाटायचं. “डॉक्टरनं सगळं तपासलं. म्हणाला, गैस है. मुलगा म्हणाला, टेन्शन. पानिपतची सासू म्हणाली, नजर. म्हटलं, चलो, आपणच बघू या काय आहे ते. म्हणून हा विषय घेतला. दुसऱ्या कुठल्या विषयात याचं उत्तर असेल असं वाटलं नाही.”

“मिळालं उत्तर?”

“नाव मिळालं. नाव मिळालं की निम्मी फाइल हलते.” त्या उठल्या आणि साडी झटकली. “आणि तू कुठं बोलू नकोस. लोक माझ्याकडं भीतीसाठी सल्ला मागायला येतात.”

मला कळलं ते एवढंच, की ज्या माणसाची मला एवढी भीती वाटत होती, त्याला माझाच आजार आहे. त्यानं धीर यायला हवा होता. मला उलट जास्त भीती वाटली. यांना शिकून सवरून असं होतं, तर माझं काय?

सायकॉलॉजीत प्रॅक्टिकल असतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तिथं बेडूक नसतो, माणूस असतो. प्रयोग करणारा विद्यार्थी, आणि ज्याच्यावर प्रयोग करायचा तो दुसरा माणूस. हिंदी पुस्तकात त्याला प्रयोज्य म्हणायचे. परीक्षेला प्रत्येकानं आपला प्रयोज्य बरोबर आणायचा. बाईंना सरावासाठी कुणी मिळेना. बुलंदशहर म्हणाला, “अम्मा, दिमाग़ में हाथ मत डालो, बाल-बच्चेदार आदमी हूँ.” मग रविवारी दुपारी मी.

मी नाही म्हणू शकलो नाही. खोली होती, खोकला गेला होता, ताप आला तर बाई मुगाची खिचडी वर आणून ठेवायच्या. हे सगळं मी विसरणार नव्हतो. पण त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसलो की नजर दाराकडं जायची.

पहिल्या रविवारी त्या एकेक शब्द म्हणायच्या आणि मी मनात येईल तो शब्द पटकन म्हणायचा. गाय, गोठा. पाणी, टँकर. घर, आई. पैसे, मनीऑर्डर. परीक्षा…

स्टॉपवॉचची टिकटिक ऐकू येत होती.

“खुर्ची,” मी शेवटी म्हणालो.

बाईंनी घड्याळ खाली ठेवलं. “शाळा का सोडलीस म्हणालास?”

“घरची परिस्थिती.”

“घर म्हटल्यावर लगेच बोललास. पैसे म्हटल्यावर लगेच बोललास. परीक्षेला काटा फिरतच राहिला.”

मग सांगावं लागलं. नववीच्या वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर हातात आला आणि माझा हात उठेना. येत नव्हतं असं नाही. पेन धरलेलं, शाई भरलेली, आणि हात दगड. घंटा होईपर्यंत कोरा कागद समोर ठेवून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी आण्णा दिल्लीला निघाले, मी त्यांच्या मागं पिशवी घेऊन उभा राहिलो.

मला वाटलं, आता बाई म्हणणार, खोली रिकामी कर. त्या म्हणाल्या, “पुढचा शब्द, आंबा.”

वर्षभर त्यांनी अभ्यासातले सगळे प्रयोग माझ्यावर केले, पुनःपुन्हा. त्यांतला त्यांचा लाडका आरशाचा. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी असते. हातावर पुठ्ठ्याचा आडोसा, म्हणजे हात थेट दिसत नाही, फक्त समोरच्या आरशात दिसतो. दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. रेघेला लागली की चूक. आरशात सगळं उलटं, त्यामुळं सुरुवातीला कुणाचीही पेन्सिल भरकटते, करत गेलं की चुका कमी होतात. त्या कशा कमी होतात त्याचा आलेख काढायचा, की झाला प्रयोग. आरसा हवा म्हणून बाईंनी बेसिनवरचा काढून आणला आणि वर्षभर अंदाजानं भांग पाडला.

मुशीवर काम करणाऱ्याचा हात स्थिर असतो. थोड्याच रविवारांत माझी पेन्सिल एकाही रेघेला न लागता फिरून यायला लागली. बाई खूश झाल्या, आणि लगेच गंभीर. “तू आता परीक्षेला चालणार नाहीस. तिथं प्रयोग आधी न केलेला माणूस लागतो. कोरा.”

त्यांचे बाकीचे सगळे पेपर सुटले होते. प्रॅक्टिकल तेवढं राहिलं होतं आणि मुदत संपत आली होती. ही हिवाळ्यातली परीक्षा, आणि फार तर जूनमधली. त्यानंतर पहिल्या वर्षापासून सुरुवात. त्या वयात पुन्हा पहिल्या वर्षापासून म्हणजे काय, ते त्याही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

कोरा माणूस म्हणून पानिपत यायला तयार झाली होती. परीक्षेच्या सकाळी तिच्या सासूनं दार अर्धं उघडून सांगितलं, “बहन जी, टेस्ट में कुछ निकल आया तो? अभी तो ब्याह हुआ है.” आणि दार लावून घेतलं.

बाई जिन्यात उभ्या. ती बसची वेळ जवळ आलेली. कठड्यावरचा हात मी बघितला.

“बाई, मी येतो,” मी म्हणालो. कसं म्हणालो, देव जाणे.

बसमध्ये त्या म्हणाल्या, “विचारलं तर खरं सांगायचं.”

“मग तुम्ही नापास.”

“बघू.”

परीक्षेचं केंद्र दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, मुनिरक्याच्या पुढं एका कॉलेजात होतं. लांब खोली, ओळीनं टेबलं, भिंतीवर घड्याळ, आणि तो वास. कागदाचा, खडूचा, माणसांच्या घामाचा. नववीनंतर मी अशा खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. कुठला प्रयोग करायचा ते चिठ्ठी उचलून ठरायचं. बाईंनी उचलली. आरसा.

बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, मग सूचना वाचून दाखवल्या, पुस्तकात असतात तशा, जणू मी त्यांना पहिल्यांदाच भेटतोय. मी पेन्सिल हातात घेतली. आरशात चांदणी दिसत होती. आणि हात उठेना.

बाहेरून आलेले परीक्षक टेबलांमधून फिरत होते. गळ्यात मफलर, बुटांचा आवाज. ते माझ्या मागं थांबले. पेन्सिल सरकली आणि रेघ ओलांडून गेली, परत आली, पुन्हा गेली. पहिली चांदणी संपेपर्यंत माझा शर्ट पाठीला चिकटला होता. दुसरी थोडी बरी. तिसरी त्याहून बरी. शेवटची बऱ्यापैकी स्वच्छ. बाईंनी आलेख काढला तर तो पुस्तकातल्यासारखा उतरत गेलेला. एखाद्या कोऱ्या माणसाचाही इतका छान आला नसता.

परीक्षकांनी कागद उचलला. “बढ़िया. पहले कभी किया है ये?”

‘नाही’ म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं. बाई आलेखाकडं बघत होत्या, माझ्याकडं नाही.

“जी, किया है. बहुत बार.”

“बहुत बार? तो फिर इतनी ग़लतियाँ?”

“डर गया था, सर.”

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. आण्णा सांगायचे ते चोराचं तोंड त्यांना दिसलं असणार. “डर गया था, या जान-बूझकर की हैं? ताकि ग्राफ़ सुंदर आए?” मग बाईंकडं वळून, “मैडम, सिखाया हुआ आदमी लाकर नक़ली ग़लतियाँ करवाना… ये नक़ल का केस बनता है. समझती हैं आप? जून में भी नहीं बैठ पाएँगी.”

खोलीतल्या सगळ्या पेन्सिली थांबल्या. मला वाटलं, मी जे खरं बोललो त्यानंच सगळं गेलं. बाईंच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनी टेबलाची कड धरली, ओठ हलले. आवक नंबर टाकत असाव्यात. मग त्या ऑफिसच्या आवाजात बोलल्या, तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

“सर, एक निवेदन है. प्रयोग दोबारा हो. आदमी यही, चाँदनी यही, शीशा यही. सिर्फ़ एक चीज़ बदलनी है.”

“क्या?”

“आप.”

कुणीतरी खोकलं. केंद्राच्या मॅडम, ज्या बाईंना शिकवायच्या, पुढं आल्या आणि हळूच म्हणाल्या, “सर, मैं यहाँ बैठती हूँ. आप दो मिनट बाहर…” परीक्षक मफलर घट्ट करून व्हरांड्यात गेले.

बाई माझ्या कानाशी वाकल्या. “आटपाडी, रविवार आहे असं समज. बेसिनचा आरसा.”

मी दोनदा श्वास घेतला. भीती गेली नव्हती. पण बुटांचा आवाज थांबला होता. पेन्सिल निघाली, कोपरा वळली, दुसरा वळली. मॅडम जवळ येऊन वाकून बघत होत्या. चांदणी पुरी झाली. चूक जवळजवळ नाहीच.

“अब बुलाइए,” बाई म्हणाल्या.

परीक्षक आत आले, माझ्या पाठीशी उभे राहिले. नवा कागद. मी जीव तोडून प्रयत्न केला, खरंच केला. पहिल्याच कोपऱ्यावर पेन्सिल बाहेर गेली.

ते बराच वेळ दोन्ही कागद शेजारी शेजारी धरून बघत होते. मग कागद खाली ठेवले. “केस नहीं बनाऊँगा,” ते म्हणाले. “पर नियम नियम है, मैडम. प्रयोज्य नया होना चाहिए था. ये परीक्षा रद्द. जून में आइए.” जाता जाता माझ्या खांद्याला हात लावल्यासारखं केलं, आणि मी दचकलो.

परतीच्या बसमध्ये बाई एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्या, दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मी पाण्याची बादलीसुद्धा आवाज न करता भरायचो. दुकानात आण्णांना म्हणालो, खोली बहुतेक सोडावी लागणार.

आण्णा म्हणाले, “खरं बोलून खोली गेली तर जाऊ दे. दुसरी बघू. पण तुझं तोंड का असं झालंय?”

“बाई नापास झाल्या माझ्यामुळं.”

“मग त्यास्नी सांग जाऊन. मला काय सांगतोस?”

मी सांगायला गेलो नाही. रविवारी बाईच वर आल्या. हातात तो रद्द झालेला आलेखाचा कागद.

“मी बोलले नाही, कारण मला राग आला होता. तुझा नाही. पण समोर तू होतास, तुझ्यावर निघाला असता. आज निवला.” त्यांनी कागद माझ्या खाटेवर पसरला. “हे बघ. परीक्षकाच्या मते याला आता काही किंमत नाही. पण हे शिकणं नव्हे, शिकून तू केव्हाच झाला होतास. ही तुझी भीती आहे. इथं होती. इथं आली. इथं एवढी राहिली. उतरते बघ.”

मी बघत राहिलो. नववीपासून जे माझ्या अंगात बसलं होतं, जे सगळ्यांना दिसेल म्हणून मी मान खाली घालून चालत होतो, ते एका कागदावर होतं. शिसपेन्सिलीची एक वाकडी रेघ. तिला सुरुवात होती आणि ती खाली येत होती.

“आता तू प्रयोज्य म्हणून बाद,” बाई म्हणाल्या. “माझ्या काही उपयोगाचा नाहीस. दहावीला बस.”

जूनमध्ये बुलंदशहर त्यांच्याबरोबर गेला. जाण्याआधी त्यानं गच्चीखाली उभं राहून मला खूप वेळ न्याहाळलं आणि बाईंना विचारलं, “इसका कुछ बिगड़ा तो नहीं न?” बाई पास झाल्या. मुलानं पेढे पाठवले. त्यांची सकाळची धडधड मात्र पुरती गेली नाही, अधूनमधून यायची आणि पेंडिंगमध्ये बसायची.

माझी दहावी आणि बारावी मुक्त शाळेतून झाली. प्रत्येक पेपरच्या आधी मला उलटी झाली. प्रत्येक पेपरला बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या, कॅनव्हासचे बूट, डोक्यावर पदर, गळ्यात ते घड्याळ. काही पेपरांत हात उशिरा उठला, पण उठला. एवढ्यासाठी मी जन्मभर त्यांचा ऋणी आहे. त्या आता नाहीत. शेवटची वर्षं मुलाकडं गेली.

सांगायचा राहिला तो प्रवेशाचा दिवस. बीएला विषय निवडायचे होते. बाईंनी आठवडाभर आधीपासून एकच घोशा लावला होता, “हिस्टरी घे. पोलिटिकल सायन्स घे. बिल्कुल सोपं जाईल.” मुलानं त्यांना सांगितलं तेच त्या मला सांगत होत्या. खिडकीपर्यंत त्यांना सोडलं नाही, त्या बाहेर उन्हात उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसानं वर न बघता विचारलं, “सब्जेक्ट?” मागून लोक ढकलत होते. माझे तळहात भिजले होते, अर्जाचा कोपरा ओला झाला होता. मी सांगितलं. त्यानं शिक्का मारला.

बाहेर आलो.

“काय घेतलंस?”

“सायकॉलॉजी.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. “कोणी सांगितलं होतं? मी हिस्टरी म्हटलं होतं ना? अरे, त्यात प्रॅक्टिकल असतं. दर वर्षी. तिथं कुणी बाहेर जा म्हटल्यावर जाणार नाही. सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, परीक्षक प्रश्न विचारतात. तुझं काय होईल?”

त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा माझ्यासाठीची भीती ऐकली.

“सरावाला तुम्ही आहात की,” मी म्हणालो.

“मी कशी चालेन? मी सगळं शिकलेली. तुला कोरा माणूस लागणार. कुणाला तरी जाऊन विचारावं लागणार, आणि लोक नाही म्हणतात. तुला माहीत आहे कसे म्हणतात.”

बस आली. आम्ही चढलो. बाईंना पुढं बायकांच्या सीटवर जागा मिळाली, मला मागं, खिडकीशी बसलेल्या एका माणसाच्या शेजारी. मांडीवर जेवणाचा डबा, बाहेर बघत होता. कुठल्यातरी कारखान्यातून सुटलेला असावा. बाई पुढून वळून माझ्याकडं बघत होत्या. काही खूण केली नाही, नुसत्या बघत होत्या. मी समोर बघितलं, खाली बघितलं. एक स्टॉप गेला, दुसरा गेला. तो डबा सावरून उठायच्या बेतात आला, तेव्हा मी त्याच्याकडं वळलो.

“भाईसाहब,” मी म्हणालो, “मैं कॉलेज में पढ़ता हूँ. आपसे एक काम था.”